पाच किलोमीटरची वानगी

मार्केट यार्डात भुसाराचा माल घेताना कोणी सगळी पोती उघडून पाहत नाही. टोकदार नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, तळहातावर मूठभर दाणे घ्यायचे, फुंकर मारून कचरा पाहायचा, एखादा दाणा दाताखाली धरून ओलावा पाहायचा आणि भाव बोलायचा. या मूठभर मालाला आपण वानगी म्हणतो. वानगी खोटे बोलत नाही, पण ती सगळे सांगतही नाही. मागच्या थप्पीत काय आहे, माल कुठे भिजून पुन्हा सुकवलेला आहे का, पाठवणारा तक्रारीच्या वेळी फोन उचलील का, हे वानगीला विचारून उपयोग नसतो. नव्या मोटरसायकलची टेस्ट राइड ही अशीच वानगी आहे. आणि ज्या गाड्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने, म्हणजे घाट, खडी, चिखल आणि लांबचा पल्ला यांच्या वचनावर विकल्या जातात, त्यांच्या बाबतीत ही वानगी फारच तोकडी पडते. कारण ज्या गुणासाठी पैसे मोजायचे, तो गुण शोरूमच्या फेरीत वापरला जातच नाही.

हा विषय निघाला तो बिबवेवाडीच्या एका स्नेह्यांमुळे. त्यांची किराणा-भुसाराची घाऊक पेढी आहे. चिरंजीव सव्वीस वर्षांचे. आठवड्यातून तीन दिवस भोर, वेल्हे, सासवड या बाजूच्या दुकानदारांकडे मागणी घ्यायला आणि वसुलीला जातात. आजवर हे काम स्कूटरवर चालत आले. आता त्यांनी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर घेण्याचा विषय काढला आणि घरात दोन तट पडले. मुलाचे म्हणणे असे की, आतल्या रस्त्यांवर स्कूटरची लहान चाके खड्ड्यात बसतात, संध्याकाळी पाठ धरते. शिवाय येत्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर स्पितीला जायचे आहे. वडिलांचे म्हणणे वेगळे. वसुलीला जाणाऱ्याने इतक्या महाग गाडीवरून उतरावे का? गिऱ्हाईक म्हणेल, शेठचे उत्तम चालले आहे, मग आमची उधारी आणखी महिनाभर राहू द्या! यात विनोद आहे, तशी व्यवहाराची जाणही आहे. भाभींनी मात्र एकच प्रश्न विचारला आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटला. “भाईसाहेब, ही गाडी आडवी पडली आणि हा एकटा असला, तर याला ती उचलता येईल का?”

नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यापारात माझी तीस वर्षे गेली आहेत, म्हणून चालवून पाहण्याचे आणि मत देण्याचे काम माझ्याकडे आले. “काका, तुम्ही हो म्हणालात की पप्पा हो म्हणतील,” असे चिरंजीवांनी जिन्यातच सांगून टाकले. अशी जबाबदारी हलकी नसते.

आपल्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली, तेव्हा नोंदणी करून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहायची, हीच रीत होती. नंबर लागलेली पावतीसुद्धा वरच्या पैशाने विकली जाई. त्याच वर्षी फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली आणि पन्नास सीसीची ती गाडी शिक्षकांपासून दूधवाल्यांपर्यंत सर्वांची झाली. चेतक मिळाली हेच भाग्य. ती चालवून पाहून मग ठरवतो, असे म्हणण्याची ग्राहकाची पायरीच नव्हती. आज तीच पायरी इतकी वर गेली आहे की, शोरूमवाले गाडी घरापर्यंत आणून देतात. पण चालवून पाहण्याची संधी मिळणे आणि चालवून पाहता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अ‍ॅडव्हेंचर गाड्यांचा आपल्याकडचा इतिहास जुना नाही. २०११ मध्ये हीरोने इम्पल्स आणली. काळाच्या पुढची गाडी, फार चालली नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन आली आणि या वर्गाला बाजार मिळाला. २०१८ मध्ये कायनेटिक समूहाने मोटोरॉयल या नावाखाली इटलीच्या एसडब्ल्यूएम कंपनीची सुपरड्युअल ही भारी गाडी थेट नगरमध्ये जुळवून विकायला काढली होती, हे पुष्कळांना आठवतही नसेल; रस्त्यावर ती आज क्वचित दिसते. २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स, जानेवारी २०२० मध्ये केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचीच नवी पिढी. आमच्या विचारात होती ती ही नवी पिढी. नाव ऑस्ट्रियाचे असले, तरी गाडी आपल्या चाकणची आहे.

आता फेरीविषयी. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर, विक्रेत्याने मागून धरलेल्या गाडीवर चिरंजीव बसले आणि चेहरा खुलला. या गाडीच्या बैठकीची उंची ८३० मिलिमीटर आहे. चिरंजीवांची स्वतःची उंची पाच फूट सहा इंच. दोन्ही पायांचे चवडे टेकत होते. “बसते की काका!” मी त्यांना गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला, जिथे डांबर गटाराकडे उतरते तिथे उभी करून पुन्हा बसायला सांगितले. आता उजवा पाय टेकला आणि डावा हवेत राहिला. बैठकीच्या उंचीचा आकडा सपाट जमिनीसाठी असतो; घाटातली, शेताच्या बांधावरची, देवळासमोरच्या उतारावरची जमीन सपाट नसते. अशा उंच गाड्या वेगात जितक्या पडतात, त्याहून पुष्कळ जास्त वेळा त्या उभ्या असताना किंवा वळवून घेताना पडतात. हे मी कोठे वाचलेले नाही. वाकलेले क्लचचे आणि ब्रेकचे लिव्हर बदलायला येणाऱ्यांची गोष्ट मी काउंटरवर रोज ऐकतो, आणि ती बहुधा “उभी होती काका, पाय सटकला” अशीच सुरू होते. तेव्हा टेस्ट राइडला जाणाऱ्याने पहिली पाच मिनिटे इंजिन सुरूच करू नये. रोजच्या वापरातले बूट घालून जावे, उताराच्या बाजूला बसून पाहावे, गाडी बंद ठेवून पायांनी मागे ढकलून पाहावी. शोरूमचा माणूस घाई करील, करू द्यावी.

फेरी सुरू झाली, तेव्हा विक्रेता मागे बसला. ही त्यांची पद्धत आहे आणि तिच्यात गैर काही नाही; पण त्यामुळे वानगी बदलते, हे ध्यानात ठेवावे. मागे साठ-सत्तर किलोचा माणूस बसला की मागचा सस्पेन्शन दबतो, गाडी थोडी खाली बसते, पाय जरा बरे टेकतात आणि खड्ड्यांचे धक्के निराळे लागतात. आम्ही विनंती करून दुसरी फेरी एकट्याने घेतली. दोन्हींत जाणवण्यासारखा फरक होता.

गंगाधाम चौकातल्या गर्दीत सर्वांत आधी कळतो तो क्लच. बोटांवर किती जोर पडतो, पहिल्या गिअरमध्ये पाय खाली न टेकता माणसाच्या चालीने गाडी चालवता येते का, हँडल पूर्ण वळवून एका दमात मागे फिरता येते का. ही तीन कामे पाच किलोमीटरमध्ये नक्की तपासून होतात, आणि आमच्या गावाच्या रहदारीत हीच रोजची आहेत. केटीएमचा क्लच हलका, हँडल रुंद. सावकाश चालीत गाडी आज्ञेत राहते. नंतर आम्ही कात्रज-कोंढवा रस्त्याकडे वळलो. रुंदीकरणाच्या प्रतीक्षेत या रस्त्याने इतकी वर्षे काढली आहेत की, पुणेकराला साहसासाठी हिमालय गाठण्याची गरज नाही, असे मी विक्रेत्याला म्हटले. तो बिचारा हसला. तेथे मोकळा तुकडा पाहून चिरंजीवांना पायऱ्यांवर उभे राहून चालवायला लावले. अ‍ॅडव्हेंचर गाडीची खरी बैठक ही उभी बैठक असते. वाईट रस्त्यावर चालक उभा राहतो, गुडघे सैल ठेवतो आणि गाडीला खालून नाचू देतो. उभे राहिल्यावर कंबरेत वाकावे लागले किंवा हँडल ओढून धरावे लागले, तर ती गाडी त्या देहासाठी नाही, मग तिचे कौतुक जगाने केलेले का असेना. चिरंजीवांना ती उभी बैठक नीट बसली. माझ्या गुडघ्यांचे मत निराळे होते, पण ते विचारात घेण्याचे कारण नव्हते.

ब्रेक मात्र शोरूमच्या फेरीत कोणी नीट तपासत नाही. मागे कोणी नाही हे आरशात आणि मान वळवून पाहून, कोरड्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाला दोन्ही ब्रेक घट्ट दाबून एकदा तरी पाहावे. एबीएस लागतो तेव्हा लिव्हर आणि पायाखालचा ब्रेक थरथरतो. ज्याने हे कधी अनुभवले नाही, तो प्रत्यक्ष प्रसंगात दचकून ब्रेक सोडून देतो. विक्रेत्याला आधी सांगून ठेवावे, म्हणजे तो मागे बसून घाबरणार नाही.

आता जी गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे ती ही. स्कूटरवरून उतरून आलेल्या तरुणाला या वर्गातली कोणतीही गाडी पहिल्या किलोमीटरमध्ये अद्भुत वाटते. आठ-नऊ अश्वशक्तीच्या वाहनावरून शेहेचाळीस अश्वशक्तीच्या वाहनावर आल्यावर मनात जे उसळते, ते त्या विशिष्ट गाडीचे परीक्षण नसते. कापडाच्या दुकानात पहिलेच ठाण पाहून कोणी सौदा करत नाही. दोन ठाणे शेजारी उलगडली की मग पोत कळतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच बुटांनी, आम्ही रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची फेरी घेतली. ही गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. कंपनीचे हे पहिले पाण्याने थंड होणारे इंजिन. कागदावर पाहिले तर केटीएम ३९९ सीसीची, ४६ अश्वशक्ती, वजन १८३ किलो. हिमालयन ४५२ सीसीची, ४० अश्वशक्ती, वजन १९६ किलो. आकडे पाहून कोणीही म्हणेल, पहिली घ्या. पण इंजिनाची ओढ, ज्याला टॉर्क म्हणतात, ती दोन्हींची जवळपास सारखी आहे: ३९ आणि ४० न्यूटन मीटर. फरक आहे तो ती पूर्ण ओढ कधी मिळते यात. हिमालयनमध्ये ती इंजिनाच्या ५५०० फेऱ्यांना मिळते, केटीएममध्ये ६५०० ना. म्हणजे घाटात ओझे घेऊन सावकाश चढताना हिमालयनला गिअर कमी वेळा पाडावा लागेल; मोकळ्या रस्त्यावर वेग घेताना केटीएम पुढे निघेल. एक तरतरीत नव्या गुमास्त्यासारखी, दुसरी जुन्या मुनिमासारखी. दोघेही पेढीला लागतात. आपल्याला कोणता हवा, हे कामावर ठरते. हिमालयनच्या बैठकीची उंची ८२५ ते ८४५ मिलिमीटरच्या दरम्यान कमीजास्त करता येते आणि टाकी १७ लिटरची आहे. केटीएमची साडेचौदा लिटरची. लांबच्या प्रवासात हा अडीच लिटरचा फरक एका पंपाचा फरक ठरू शकतो.

दोन्ही फेऱ्या मिळून तास-सव्वा तासात उरकल्या. भाभींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांतून मिळाले नव्हते, कारण शोरूमची गाडी आडवी पाडून पाहता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिकाम्या गोणपाटांचा थर अंथरला आणि घरातली जुनी मोटरसायकल, पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी करून, त्यावर हळूच आडवी केली. पद्धत अशी. इंजिन बंद, गिअरमध्ये गाडी, उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढलेला. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून ठेवायचे. गाडीकडे पाठ करून, बैठकीला कंबर टेकवून खाली बसायचे. एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या लोखंडी दांडीवर. आणि पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर, लहान पावले मागे टाकत उठायचे. पुढे वाकून हातांनी उचलू पाहणाऱ्याची कंबर जाते, गाडी तिथेच राहते. हमालांना ही विद्या कोणी शिकवावी लागत नाही. चिरंजीवांनी पहिल्या खेपेला ओढाताण केली, दुसऱ्या खेपेला गाडी सहज उभी राहिली. नवी गाडी १८३ किलोची, म्हणजे पन्नास किलोच्या साडेतीन पोत्यांहून जड; सामान बांधलेले असेल तर आणखी जड. तेव्हा ते आधी सोडवायचे, हेही ठरले. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून भाभी पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण चहाबरोबर खाखरे आले, यावरून आम्ही काय ते समजलो.

जे कोणत्याच फेरीत कळत नाही, त्याची यादी लांब आहे. दोन तासांनंतर बैठक टोचते का? रात्री पावसात दिवा किती लांब पडतो? मागे दोन्ही बाजूंना सामान बांधल्यावर जोराच्या वाऱ्यात गाडी कशी वागते? एका सिलिंडरचे इंजिन ठरावीक वेगाला थोडी थरथर देतेच. ती थरथर पाच मिनिटांत मजेची वाटते, पाच तासांत तळहात बधिर करू शकते. पंक्चर झाले तर काय? तारांची चाके खड्ड्यांना चांगली, पण आत ट्यूब असेल तर आडरानात पंक्चर काढणे जिकिरीचे. हिमालयनला ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय २०२४ मध्ये मिळाला, तो याच गरजेतून. कोणतीही गाडी घेताना हा प्रश्न विक्रेत्याला तोंडी न विचारता टायरवर लिहिलेले वाचून पाहावे.

आणि सर्वांत न कळणारी गोष्ट म्हणजे गाडीमागे उभे कोण आहे. व्यापारी माणसाने येथे थांबावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला. न विकल्या गेलेल्या गाड्यांचे ढीग आणि डोक्यावर कर्ज. फेब्रुवारी २०२५ मध्ये देणेकऱ्यांनी शंभरातले तीस घेऊन तडजोड मान्य केली. या पानावरचे किती वाचक असे तीस टक्क्यांचे दुःख जाणतात, ते सांगायला नको. मग त्या वर्षी मे महिन्यापर्यंत पैसा उभा केला तो बजाज ऑटोने, एकूण सुमारे ८० कोटी युरोंचा. २००७ मध्ये साडेचौदा टक्के भाग घेऊन सुरू झालेले नाते असे धन्याच्या जागेपर्यंत आले. पुण्याच्या ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ चांगला आहे: गाडी चाकणला बनते, तिचे भाग येथेच तयार होतात आणि मालक आकुर्डीचा. त्या चिंतेपायी ही गाडी नाकारावी असे मला वाटत नाही. पण टेस्ट राइडच्या दिवशी यातले अवाक्षरही कोणी बोलत नाही, आणि विचारल्याशिवाय बोलणारही नाही. सुट्या भागांची किंमत आणि मिळण्याचा कालावधी शोरूमला नव्हे, बाहेरच्या दोन मेकॅनिकांना विचारावा. क्लच लिव्हर, चेन-स्प्रॉकेटचा संच, पुढचे ब्रेक पॅड आणि एक आरसा, एवढ्या चार वस्तूंचे भाव काढले की कोणत्याही गाडीचा पुढचा खर्च बराचसा कळतो.

हिशेबाचेही थोडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तर त्यावरच्या गाड्यांचा, उपकरासह ३१ होता तो, ४० झाला. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे बावीस टक्क्यांचे अंतर. आमच्या दोन्ही गाड्या रेषेच्या पलीकडच्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये टीव्हीएसने अपाचे आरटीएक्स ही ३०० सीसीची गाडी दोन लाखांच्या आतल्या प्रारंभिक किमतीला आणली, ती अलीकडची. ज्यांना मुख्यतः महामार्गावर फिरायचे आहे त्यांनी ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. विम्याचीही रेषा तीच आहे: नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, आणि २०२२ च्या दरांनुसार तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, वर १५,११७ रुपये. राहिली एक शंका, जी स्नेह्यांनी हळूच विचारली: गाडी पेढीच्या नावावर घेऊन जीएसटीची वजावट मिळेल का? मिळत नाही. माणसे नेणाऱ्या लहान वाहनांवरची वजावट कायद्याच्या कलम १७(५) नेच अडवलेली आहे. वसुलीला जातो म्हणून मोटरसायकल त्यातून सुटत नाही. घसाऱ्याचे काय ते आपल्या सीएंना विचारावे.

गाडीच्या किमतीच्या दशांशाएवढी रक्कम चालकाच्या अंगावरच्या कपड्यांसाठी बाजूला काढावी, ही माझी अट असते. आयएसआय चिन्हाचे पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट, कोपर-खांदे-पाठीला संरक्षक पट्टे असलेले जाकीट, गुडघ्यांचे संरक्षण, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. आपल्या घरांत येथे एक अडचण येते, ती म्हणजे चामडे. विक्रेते सांगतात की, चामड्याशिवाय संरक्षण नाही. हे पूर्वी बऱ्याच अंशी खरे होते, आज नाही. जाड विणीच्या कृत्रिम धाग्याची जाकिटे उत्तम मिळतात, आणि युरोपच्या ईएन १७०९२ या मानकानुसार त्यांची प्रतवारी ए, एए, एएए अशी आत शिवलेल्या चिठ्ठीवर दिलेली असते. ती वाचून घ्यावी. हातमोज्यांचे तळवे मात्र बहुधा बकऱ्याच्या चामड्याचे असतात आणि हे पुढून दिसत नाही. मायक्रोफायबरच्या तळव्यांचे मोजे आणि बूट मिळतात. नीट मागावे लागतात, इतकेच.

मग निर्णय? मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही; अजून वानगी पुरेशी झाली नाही, असे सांगितले. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या, परवान्याने भाड्याने मिळणाऱ्या गाड्या पुण्यात आहेत. त्याच मॉडेलची गाडी दोन दिवस भाड्याने घ्यायची. पहिला दिवस रोजच्या वसुलीचा, दुसरा भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरून ताम्हिणीने परत. भाड्याचे जे काही हजार जातील ते साडेतीन लाखांच्या सौद्यापुढे दलालीइतकेही नाहीत. चिरंजीव दोन्ही दिवस एकटे गेले. परतल्यावर त्यांनी जे सांगितले, ते शोरूममध्ये कोणीच सांगू शकले नसते. वेल्ह्याच्या आतल्या रस्त्यांवर पाठ दुखली नाही, हे एक. उतारावर गाडी वळवताना दोनदा उतरून ढकलावी लागली, हे दुसरे. आणि दोन दिवसांत खरोखर डांबर सोडून चालवण्याचा प्रसंग आला तो जेमतेम तीन-चार किलोमीटर, हे तिसरे.

या तिसऱ्या गोष्टीवर मी मत दिले. नव्या पिढीच्या ३९० अ‍ॅडव्हेंचरचे आरंभी दोन प्रकार आले. वरच्या प्रकाराला पुढे २१ इंचांचे तारांचे चाक आहे, सस्पेन्शन कमीजास्त करता येतो. आरंभी किंमत सुमारे ३ लाख ६८ हजार होती. एक्स या प्रकाराला १९ इंचांचे ओतीव चाक आहे. तो सुमारे २ लाख ९१ हजारांना आला. मोठे चाक दगडगोट्यांवरून सहज जाते, पण डांबरी वळणावर हँडल वळायला किंचित आळस करते. १९ इंचांचे चाक डांबरावर आणि खड्ड्यांच्या डांबरावर पुरे पडते. ज्याचा नव्वद टक्के प्रवास भोर-सासवडच्या डांबरावर आहे, त्याने उरलेल्या दहा टक्क्यांसाठी पाऊण लाख जादा का द्यावे? स्पितीच्या रस्त्यावरही १९ इंचांच्या चाकांच्या गाड्या जातात. तेथे चाकापेक्षा चालकाचा धीर अधिक लागतो. एक्सची बैठक केवळ पाच मिलिमीटरने खाली आहे, त्याने फारसे काही साधत नाही. जाड तळव्याच्या बुटांनी त्याहून अधिक साधते.

स्नेह्यांनी एक्सला होकार दिला आहे, दोन अटींवर. वसुलीला जाताना जुनी स्कूटर महिन्यातून निदान काही वेळा तरी न्यायची, विशेषतः ज्यांच्याकडे उधारी तुंबली आहे त्यांच्याकडे. आणि गोणपाटे पार्किंगमधून उचलायची नाहीत. नवी गाडी आल्यावर टाकी भरलेली असताना एकदा आणि सामान बांधून एकदा, भाभींसमोर ती उभी करून दाखवायची.